खड्ड्यातले चार इंच

आमच्या इमारतीत एक बातमी बरेच दिवस फिरत होती, आणि ती फिरवण्यात माझाही थोडाफार हात होता, हे आधीच कबूल करते. बातमी अशी, की सातव्या मजल्यावरचे सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टर स्वतः लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. घाबरतात म्हणे. दिवसभर लोकांच्या लिफ्टना सुरक्षित म्हणून सह्या ठोकायच्या आणि घरी आलं की सात जिने पायी! पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी तर त्याला झालरही लावली. लहानपणी ते लिफ्टमध्ये दोन दिवस अडकले होते, बिस्किटांवर काढले.

सगळं खोटं. ते वाढले त्या गावात दुमजली घर म्हणजे बघायला जायची गोष्ट होती, अडकायला लिफ्ट कुठून आणणार? आणि भीतीचं म्हणाल, तर हा माणूस रोज चार-पाच इमारतींत लिफ्टच्या टपावर उभा राहून वर-खाली करतो, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. बोळा कशाला? लिफ्टच्या लोखंडी दोरावरून तो फिरवायचा. दोराची एखादी बारीक तार तुटली असेल तर कापूस तिला अडकतो. डोळ्यांना दिसत नाही ते कापसाला कळतं. सव्वीस वर्षं हे चाललंय.

जिने चढत होते हे मात्र खरं. पण तेही आठच दिवस. का, ते मला ठाऊक आहे, कारण त्याचं खापर फिरत फिरत माझ्याच डोक्यावर येऊन फुटलं.

आधी माणूस सांगते. उंची सहा फूट, वजन एखाद्या छत्रीइतकं, आणि पायाला भिंगरी. बसलेले असे मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते. चहाला बोलावलं तर कप हातात घेऊन खिडकीपाशी उभे, तिथून दारापाशी, दाराची बिजागरी दोनदा हलवून बघणार, पुन्हा खिडकी. लोक विचारतात, यांच्या हातून कधी काही अपघात झाला होता का? नाही. त्यांनी सही केलेली एकही लिफ्ट आजवर पडलेली नाही, आणि माझ्या मते तेच त्यांना स्वस्थ बसू देत नाही. एकदा काही होऊन गेलं असतं तर माणूस रडून मोकळा झाला असता. इथे रोज सकाळी सव्वीस वर्षांच्या सगळ्या सह्या एकदम जाग्या होतात.

लग्न नाही केलं. म्हणजे त्यांच्या ताईने एकदा जमवत आणलं होतं. मुलीच्या घरी चहाला गेले, पाचव्या मजल्यावर. वर जाताना लिफ्ट दारापाशी बोटभर खाली थांबली. झालं! हे चहा सोडून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. तासाभराने हाताला ग्रीस लावून परत आले आणि दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टला सरकारी सील. मुलीचे वडील पुढचा महिनाभर पाच मजले चढले आणि प्रत्येक मजल्यावरून ताईला फोन करून काय वाटतं ते सांगत राहिले.

ही ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघंच राहतात. ताईने अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवलं. त्यामुळे तिचा साधा आवाजही पन्नास मीटर पलीकडे पोचेल असाच निघतो. सहा फुटी भावाला ती 'बारक्या' म्हणते. मी त्यांच्या खाली, सहाव्या मजल्यावर राहते, आणि "बारक्या, टॉवेल!" ही आरोळी हा माझ्या सकाळचा गजर आहे.

तर ताईचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुढचा दीड महिना. एक दिवसाआड इथे व्यायामाला यायचं. या दीड महिन्यात गुडघा वाकेल तेवढा वाकेल. नंतर रडून उपयोग नाही."

ताईला एकच ध्यास होता, पुन्हा तलावात उतरायचं. तेही खोल बाजूने, शिडीवरून, जशी ती अठ्ठावीस वर्षं उतरली. इन्स्पेक्टर लगेच टेप घेऊन तलावावर जाऊन त्या शिडीच्या पायऱ्या मोजून आले. म्हणाले, "एकशे दहा अंश वाकायला हवा." डॉक्टर म्हणाले, नेटाने केलं तर होईल.

दवाखान्यातून ताईला घरी आणलं त्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही तिघं होतो. ताई व्हीलचेअरमध्ये, मी तिच्या पिशव्या घेऊन आणि इन्स्पेक्टर. चौथा मजला गेला आणि यांनी कान टवकारले.

"वहिनी, ऐकलंत?"

"काय?"

"टप् झालं."

"माझ्या चपला असतील."

"चपला नाही. बाहेर. भिंतीवर काहीतरी हलकंच आपटलं."

ताई म्हणाली, "याला लहानपणी झोपेतसुद्धा नळ टपकलेला कळायचा. उठून आईला उठवायचा. आई नळ बंद करायची आणि याला एक ठेवून द्यायची."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. आणि त्या दिवसापासून जिने सुरू झाले. ताईला न्यायची वेळ झाली की तिला आणि मला लिफ्टमध्ये घालायचं आणि स्वतः लिफ्टबरोबर जिन्याने धावत सुटायचं. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान, की लगेच खालचा मजला. लिफ्ट खाली पोचायच्या आत हे धापा टाकत दारात हजर. "चौथ्यावरच! पुन्हा चौथ्यावरच!" बघणाऱ्याला काय वाटणार? लिफ्ट इन्स्पेक्टर लिफ्टला घाबरतो. मीसुद्धा चार जणींना तेच सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून.

मेकॅनिकला त्यांनी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो वर मशीनच्या खोलीत जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब, मशीन लोण्यासारखं चालतंय."

आता तुम्ही म्हणाल, इन्स्पेक्टर घरात असताना मेकॅनिकच्या तोंडाकडे का बघायचं? त्यात एक मेख आहे. सरकारी नियम असा, की इन्स्पेक्टरने स्वतः राहतो त्या इमारतीच्या लिफ्टची तपासणी करायची नाही. आपल्याच घरच्याला पास करतो असं कुणी म्हणू नये म्हणून. आमची लिफ्ट त्यांच्या ऑफिसातले दुसरे इन्स्पेक्टर तपासतात. दोन महिन्यांपूर्वीच तपासून, कागद देऊन गेले होते. पुन्हा यायला त्यांना अकरा दिवस लागणार होते. गावातल्या हरेक लिफ्टला सील ठोकायचा अधिकार असलेला माणूस आपल्या दारातल्या लिफ्टपुढे हात मागे बांधून उभा. हात खरोखरच मागे बांधायचे. चुकून पॅनेलला लागू नयेत म्हणून.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कमिटीची बैठक मागितली. अध्यक्ष हेडसर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. सेक्रेटरी मी. बाकीच्यांना सही करण्यापुरतं बोलावतो. बैठक हेडसरांच्या घरी.

"लिफ्ट बंद करा," इन्स्पेक्टर उभ्यानेच म्हणाले.

हेडसरांनी चष्मा पुसला. "सर्टिफिकेट दोन महिन्यांपूर्वीचं आहे. सही तुमच्याच ऑफिसची."

"सही बरोबर आहे. सही झाली तेव्हा लिफ्टही बरोबर होती."

"मग आता काय बिघडलंय?"

"तेच कळत नाही."

"मग बंद कशासाठी करायची?"

"कळत नाही म्हणूनच."

"हे उत्तर मुलांनी पेपरात लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं," हेडसर म्हणाले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई. तिला वर बसल्या बसल्या सगळं कळतं. मी स्पीकर लावला. खरं म्हणजे गरज नव्हती.

"बारक्या! लिफ्ट बंद केलीस तर मी काय उडत जाऊ? पंचाऐंशीला आलाय गुडघा! अजून पंचवीस हवेत!"

"ताई, मला माहितीये."

"मग गप वर ये!"

ते एका जागी उभे काही राहिले नाहीत. हेडसरांच्या हॉलमध्ये खिडकी ते दार, दार ते खिडकी. मी तेव्हा मजेत होते. पदर तोंडाला लावून हसतही होते. ठराव झाला, अकरा दिवस वाट बघायची. ठराव मीच लिहिला, अक्षर चांगलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात इन्स्पेक्टर. दाढी अर्धी केलेली, एका गालावर फेस.

"वहिनी, खालच्या खड्ड्यात गवंड्याने किती जाड थर दिला?"

खड्डा म्हणजे लिफ्टच्या तळाशी, तळमजल्याच्याही खाली असतो तो. त्यात पाणी झिरपत होतं. महिन्यापूर्वी यांनीच मला जाता जाता सांगितलं होतं, की वहिनी, पाणी काढून घ्या, लोखंड गंजतं. मी म्हटलं, इन्स्पेक्टर शेजारी आहेत, काम चोख करू. गवंडी लावला. तो म्हणाला, दोन इंच सिमेंट घालतो. मी म्हटलं, दोन कशाला, चार घाल. पुन्हा पुन्हा कटकट नको.

"चार इंच," मी जरा अभिमानानेच सांगितलं. "गवंडी दोनच घालत होता. मी उभं राहून चार घालून घेतले."

इन्स्पेक्टर आमच्या दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसले. मी म्हटलं ना, त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तिथे एक वजन लटकत असतं," ते फेसाच्या गालाने म्हणाले. "गवंड्याने त्याचं काय केलं?"

"अडचण होत होती म्हणून विटेवर टेकवलं होतं. मग वाळल्यावर विटा काढल्या."

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी तुम्हाला तसंच सांगते. लिफ्टला जाड दोर असतात, ते तिला उचलतात. ते आमचे ठणठणीत होते. पण एक बारीक दोरी वेगळी असते. ती काही उचलत नाही, नुसती पाळत ठेवते. कधी दोर तुटले आणि लिफ्ट भलत्या वेगाने खाली निघाली, तर वरचं एक चाक ही दोरी अडवून धरतं आणि ती लिफ्टच्या खालचे दोन जबडे ओढते. ते जबडे बाजूचे रूळ करकचून पकडतात आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. पण ही दोरी कायम ताठ असली पाहिजे. ती ताठ राहावी म्हणून तिला खाली खड्ड्यात ते वजन टांगलेलं असतं. हवेत, अधांतरी. वजन जमिनीला टेकलं की दोरी सैल. नव्या लिफ्टना अशा वेळी आपोआप बंद पडायची सोय असते. आमची तीस वर्षांची.

"म्हणजे तुमचं ते टप्..."

"सैल दोरी. चौथ्यावर भिंतीला लागते." ते उठले. "असं मला वाटतंय. बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. आणि मला बघता येणार नाही."

नऊ वाजता मेकॅनिक आला. त्याने लिफ्ट वर अडकवून वीज तोडली, तळमजल्याचं दार उघडलं आणि शिडी टाकून खड्ड्यात उतरला. दारात मी आणि इन्स्पेक्टर. त्यांचे हात मागे आणि पाय खाली निखारे असल्यासारखे. मेकॅनिक चार हातांवर, पण हे त्याला काही सांगू शकत नव्हते. सांगितलं तर ती तपासणी झाली! मग काय, भांडलेलं नवरा-बायकोचं जोडपं तिसऱ्यामार्फत बोलतं तसं सुरू झालं.

"वहिनी, सेक्रेटरी म्हणून त्याला विचारा, वजन टांगलेलं दिसतंय का?"

"वजन टांगलेलं दिसतंय का हो?"

"दिसतंय की, साहेब," मेकॅनिक त्यांच्याकडे बघून म्हणाला. "छान ताठ उभं आहे."

"माझ्याशी बोलू नकोस म्हणावं. आणि टांगलेलं आहे की उभं आहे?"

"टांगलेलं की उभं?" मी.

"आता बाई, वजन म्हणजे वजन. उभंच दिसणार."

इन्स्पेक्टरांनी डोळे मिटले. "वहिनी, तुमच्या हातात वर्तमानपत्र आहे. त्यातला एक कागद त्याला द्या. वजनाखालून सरकवून बघ म्हणावं. इकडून तिकडे."

मी कागद दिला. मेकॅनिक वाकला. कागदाचा आवाज आला, मग तो चुरगळल्याचा आवाज आला. दुसऱ्या बाजूने प्रयत्न झाला. पुन्हा चुरगळला. मेकॅनिक उठून उभा राहिला तेव्हा त्याने इन्स्पेक्टरांकडेही पाहिलं नाही आणि माझ्याकडेही नाही. सिमेंटकडे बघत राहिला.

"जात नाही," तो म्हणाला.

त्या आठ दिवसांत ताईला घेऊन मी चार वेळा गेले-आले होते त्या लिफ्टमधून. इन्स्पेक्टर नुसते माझ्याकडे बघत होते. बंद करा असं ते म्हणू शकत नव्हते आणि म्हणालेही नाहीत.

"बंद कर," मीच म्हटलं. "सेक्रेटरी सांगतेय. हेडसरांना मी बघते."

लिफ्ट बंद झाल्यावर कागद लवकर हलतात. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातले ते दुसरे इन्स्पेक्टर आले. त्यांनी लिफ्ट आहे तशीच तपासायची ठरवली. रिकामी लिफ्ट पहिल्या मजल्यावर घेतली, मेकॅनिकला अगदी हळू खाली सोडायला लावली आणि वरून त्या बारीक दोरीचं चाक अडवलं. जबड्यांनी रूळ पकडायला हवे होते. लिफ्ट निवांत सरकत खाली आली आणि तळाला जाऊन टेकली. हेडसर शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि पुन्हा लावायचं विसरले. दारावर लाल सील लागलं. सिमेंट फोडणं, दोरी आखूड करणं, गंजलेले जबडे साफ करणं, पुन्हा तपासणी, असे मिळून बारा दिवस गेले.

त्या बारा दिवसांत ताई सातव्या मजल्यावर अडकली. पहिल्या खेपेला तिला खुर्चीत बसवून उचलून न्यायचं ठरलं. पुढे इन्स्पेक्टर, मागे आमचे हे. सहाव्याच्या वळणावर ताईने इतक्या सूचना दिल्या, "डावा खांदा! कोपर आत! श्वास सोड!", की दोघांनी खुर्ची माझ्या दारात ठेवली आणि पाणी मागितलं. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी हा प्रकार साफ बंद करायला सांगितला. व्यायाम घेणारी बाई एकदा जिने चढून वर आली. पुन्हा काही आली नाही. जाताना तिने इन्स्पेक्टरांना शिकवलं, पाय असा धरायचा, असा दाबायचा, दुखेल, ओरडतील, तरी सोडायचा नाही.

इथे हा माणूस कच्चा निघाला. दोराच्या जाडीत केसाचा फरक सहन न करणारा, मुलीच्या बापाला महिनाभर पाच मजले चढवणारा माणूस! खालून मला सगळं ऐकू यायचं. "दाब!" ताई ओरडायची. मग "आई गं!" आणि लगेच पावलांचा आवाज, खिडकी ते दार, दार ते खिडकी. "सोडलास का, बारक्या?" "दुखतंय तुला." "मला दुखतंय ते मी बघीन! तू दाब!" पुन्हा "आई गं!" आणि पुन्हा पावलं. मी वर जाऊन म्हटलं, मी दाबते. मला तर त्यांच्याहून कमी जमलं. चार इंच माझे होते ना.

लिफ्ट सुरू झाली. या वेळी चाक अडवल्यावर जबड्यांनी रूळ असे पकडले की इमारत दणाणली आणि शिवणवाल्या बाई कात्री घेऊन बाहेर धावल्या. ताई पुन्हा व्यायामाला जाऊ लागली. पण दीड महिना संपत आला होता. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा मोजला. अठ्ठ्याण्णव. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजला. अठ्ठ्याण्णव.

"चालाल, फिराल, जिने चढाल," डॉक्टर म्हणाले. "याच्या पुढे नाही."

परवा ताई तलावावर गेली. मी आणि इन्स्पेक्टर सोबत. खोल बाजूच्या शिडीपाशी ती दोन्ही दांडे धरून उभी राहिली. एकदा पाय उचलून पाहिला, एकदा पुन्हा. मग वळली आणि उथळ बाजूला गेली. तिथे लहान मुलांसाठी रुंद, बुटक्या पायऱ्या आहेत. हाताला फुगे बांधलेल्या पाच-सहा पोरांच्या रांगेत ती उभी राहिली, नंबर आल्यावर उतरली. पाण्यात मात्र ती जशी होती तशीच होती. दोन फेऱ्या मारून काठाशी आली. इन्स्पेक्टर काठाने तिच्याबरोबर चालत होते, तेही दोन फेऱ्या.

"बारक्या!" अख्खा तलाव थांबला. "बारा अंश! बारा दिवस आणि बारा अंश! अठ्ठावीस वर्षं शिकवलं इथे, आणि आज शेंबड्या पोरांच्या रांगेतून उतरले! तुझ्यामुळे! त्या बारा दिवसांत दोर काही तुटला नसता, मेल्या! त्याआधी आठ दिवस गेलेच की नाही मी त्यातून? आणि तू दाबायचास तर अर्ध्यावर सोडून पळायचास! रोज शिव्या घालणार आहे मी तुला, सांगून ठेवते!"

मी मध्ये पडणार होते. निदान आता तरी माझ्या चार इंचांचं तिला नीट सांगावं म्हणून. इन्स्पेक्टरांनी मला हातानेच थांबवलं आणि काठावर वाकून तिच्यापुढे टॉवेल धरला.

"दे शिव्या, ताई," ते म्हणाले, "रोज दे. शिव्या देणारी घरात आहे, मला तेवढं पुरे."